डिझेल बुलेटचा कनेक्टिंग रॉड: मोजणी, घासणी आणि पुन्हा गोलाई

आमच्या चोपडा तालुक्यातल्या केळीच्या मळ्यावर आप्पांनी घेतलेली डिझेल बुलेट अजून कामात आहे. १९९० च्या दशकात रॉयल एनफिल्डने काढलेल्या या गाडीला ३२५ सीसीचे, हवेवर थंड होणारे, एका सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. त्याची रचना मूळची इटलीतल्या लोम्बार्दिनी कंपनीची आणि भारतातले उत्पादन ग्रीव्ह्जचे. मिनिटाला ३६०० फेऱ्यांना साडेसहा अश्वशक्ती एवढीच त्याची ताकद आहे. मात्र याच घराण्यातली इंजिने पाण्याच्या पंपांवरही बसत असल्यामुळे शेतकऱ्याला ते परके वाटत नाही आणि सुटे भाग अजून मिळतात. पेट्रोलच्या जुन्या बुलेटपेक्षा हे इंजिन एका बाबतीत मुळातच वेगळे आहे, आणि या लेखाचा सगळा विषय त्या फरकातूनच निघतो. पेट्रोल बुलेटचा कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडा, अखंड असतो, त्याच्या मोठ्या टोकात तरती बुश (मोकळी फिरणारी धातूची कडी) असते आणि रॉड काढायचा तर क्रँकच सुटा करावा लागतो. डिझेल बुलेटचा क्रँक अखंड असून रॉडचे मोठे टोक, ज्याला सगळे बिग एंड म्हणतात, दोन तुकड्यांचे असते. वरचा भाग रॉडचा, खालचा भाग कॅपचा, दोघांना जोडणारे दोन बोल्ट आणि आत पातळ शेल बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या.

गेल्या उन्हाळ्यात या इंजिनातून एक ठोका ऐकू येऊ लागला. डिझेल इंजिन मुळातच ठोकत चालते, त्यामुळे नुसत्या कानाने निदान करणे धोक्याचे असते. परंतु इंधन पेटण्याचा ठोका कोरडा आणि टणक असतो, तर हा आवाज जड होता, खालून येत होता आणि भरल्या गाडीने चढ चढताना वाढत होता. हेड उतरवल्यावर पिस्टन वरच्या टोकापासून थोडा खाली आणून ठेवला, त्याच्या डोक्यावर लाकडी ठोकळा दाबून धरला आणि फ्लायव्हील हाताने पुढेमागे हलवले, तेव्हा पिस्टन जागचा न हलता क्रँक किंचित फिरत असल्याचे हाताला स्पष्ट जाणवले. रॉड बाहेर काढून शेल सोडवली तेव्हा कारणही दिसले. वरच्या वाटीचा राखाडी थर जागोजागी झिजून खालचा तांबूस थर उघडा पडला होता. मला जास्त महत्त्वाची वाटली ती मात्र शेलची पाठ. रॉडला चिकटून बसणाऱ्या या बाजूवर काही ठिकाणी आरशासारखी चमक होती आणि काही ठिकाणी जळक्या तेलाचे काळे डाग होते. चमक आली होती ती शेल आपल्या जागेत हलत असल्यामुळे, आणि डाग पडले होते ते तिथे शेल आणि रॉड यांचा स्पर्शच होत नसल्यामुळे.

गावातल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये मला दोन सल्ले मिळाले. एक, नव्या शेल टाका. दुसरा, रॉड सैल झाला असेल तर शेलखाली पत्र्याची बारीक पट्टी टाका किंवा कॅपची तोंडे कानसने थोडी घासून घ्या. हे उपाय खेड्यापाड्यात सर्रास होतात आणि पाण्याच्या पंपावरचे इंजिन त्यावर एखादा हंगाम निघूनही जाते. तरीही मी ते नाकारले. शेलची वाटी इतकी पातळ असते की तिला स्वतःचा आकार जवळपास नसतो. ज्या भोकात ती बसते त्या भोकाचा आकार ती घेते. भोक लंबगोल असेल तर नवीकोरी शेलसुद्धा बोल्ट आवळताच लंबगोल होते, तेलाचा थर एका अंगाला फाटतो आणि दुसऱ्या अंगाला गरजेपेक्षा जाड होतो. पत्र्याची पट्टी टाकली तर शेलच्या मध्यावर उंचवटा येतो आणि उष्णता रॉडमध्ये जाण्याची वाटही अडते.

शेल जागेवर घट्ट राहते ती तिच्या कडेच्या छोट्या जिभेमुळे, असा समज मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. ती जीभ केवळ बसवताना जागा दाखवण्यासाठी असते. शेलला फिरण्यापासून अडवते ती पकड. प्रत्येक अर्धी वाटी नेमक्या अर्ध्या वर्तुळापेक्षा काही शतांश मिलिमीटरने लांब केलेली असते, त्यामुळे कॅप आवळली की दोन्ही वाट्यांची टोके एकमेकींवर दाबली जातात आणि शेल चारी अंगांनी भोकाच्या भिंतीवर रेलते. बैलगाडीच्या चाकाला लोहार धाव चढवतो ती मुद्दाम अंगाला थोडी अपुरी ठेवलेली असते आणि त्या ताणावरच चाक एकसंध राहते, तसाच हा दाबाचा हिशेब आहे. भोक ताणून मोठे झाले की हा दाब उरत नाही, आणि शेलच्या पाठीवर मला दिसलेली चमक त्याचीच खूण होती.

म्हणून पहिले काम ठरले ते मोजणीचे. बिग एंडचे भोक मोजताना एक अट कधीही सोडता येत नाही. शेल काढून, भोक आणि जोडाची तोंडे स्वच्छ पुसून, कॅप आपल्या मूळच्या बाजूने बसवून, बोल्टांच्या आट्यांना तेल लावून, टॉर्क रेंचने पुस्तकात दिलेल्या पूर्ण जोरापर्यंत टप्प्याटप्प्याने आवळल्यावर जे भोक तयार होते तेच खरे भोक. हाताने आवळलेल्या कॅपचे माप निरुपयोगी असते. बोल्टांच्या ताणाखाली रॉडचे खांदे दबतात आणि आकार काही मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांनी, बदलतो. कॅप उलटी बसली तरी तोच घोळ होतो, म्हणून रॉड सोडण्याआधीच दोन्हींच्या एकाच अंगावर रंगाची खूण करून ठेवली होती. काही जण सेंटर पंचने ठोके देऊन खूण करतात. मला ते पटत नाही, कारण ज्या भागावर इतका ताण येतो त्यावर खोच पाडणे म्हणजे तड्याला जागा करून देणे आहे.

आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि मोजमापाच्या शास्त्रात मापे २० अंश सेल्सिअसला धरली जातात. ४० ते ४५ मिलिमीटर व्यासाचे पोलादी भोक या २५ अंशांच्या फरकाने सुमारे बारा मायक्रॉन मोठे होते. जिथे पंधरा मायक्रॉनचा लंबगोलपणा आहे की नाही हे ठरवायचे आहे, तिथे बारा मायक्रॉन ही लहान गोष्ट नाही. सुदैवाने मायक्रोमीटरही पोलादाचाच असतो आणि दोन्ही एकाच तापमानाला असतील तर वाढ जवळपास सारखीच होते. म्हणून रॉड, मायक्रोमीटर आणि भोकाचा आतला व्यास मोजणारे बोअर गेज मी रात्रभर एकाच टेबलावर ठेवले आणि पहाटे, पत्रे तापण्याआधी, मोजणी केली. मोजताना रॉड हातात धरला नाही, लाकडी पकडीत उभा केला. तळहाताची ऊब डायलच्या काट्याला लगेच कळते.

बोअर गेज मायक्रोमीटरवर शून्य करून भोक चार दिशांनी आणि प्रत्येक दिशेला पुढच्या व मागच्या कडेजवळ असे मोजले. रॉडच्या दांड्याच्या रेषेत, म्हणजे उभ्या दिशेने, भोक कंपनीच्या मापापेक्षा ०.०६ मिलिमीटर मोठे निघाले. ४५ अंशांच्या दोन्ही तिरक्या दिशांना ते ०.०२ ने मोठे होते. कॅप आणि रॉडच्या जोडाजवळ मात्र ते ०.०१ ने लहान होते. म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान व्यासात सात शतांशांचे अंतर पडले होते.

हा आकार अपघाताने येत नाही. पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलट फिरतो त्या क्षणी त्याचा वेग शून्य असतो, पण त्वरण सर्वांत जास्त असते. या इंजिनाचा स्ट्रोक ६८ मिलिमीटर आहे. ३६०० फेऱ्यांना हिशेब केला तर ते त्वरण गुरुत्वाच्या साधारण सहाशे पट येते. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून पाऊण किलोच्या आसपास वजन धरले, तर कॅपवर साडेचारशे ते पाचशे किलोंची ओढ बसते. दाबाच्या स्ट्रोकच्या शेवटी ही ओढ वायूच्या दाबाने झाकली जाते, पण धूर बाहेर टाकण्याच्या स्ट्रोकच्या शेवटी वरून दाब नसतो आणि सगळी ओढ कॅप आणि दोन बोल्टांवरच येते. पूर्ण वेगात हे दर सेकंदाला तीस वेळा घडते. भोक दांड्याच्या दिशेने लांबते आणि जोडाजवळ आत चिमटते. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त पळवले तर ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून फेऱ्या मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरची स्प्रिंग ताणून गाडीचा वेग वाढवण्याची जी युक्ती आमच्याकडे लोकप्रिय होती, ती रॉडच्या मुळावर येणारी होती असे माझे मत आहे.

भोक दुरुस्त करण्याआधी हा रॉड दुरुस्तीच्या लायकीचा आहे का, ते पाहणे आवश्यक होते. बिग एंडच्या अंगावर निळसर रंग चढलेला असेल तर पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापून गेलेले असते आणि असा रॉड मी तरी परत वापरणार नाही. तसा रंग इथे नव्हता. तडे पाहण्यासाठी घरी जुनी पद्धत वापरली. रॉड रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, कोरडा पुसला आणि त्यावर खडूची पूड चोळली. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल काही वेळाने पांढऱ्या पुडीवर ओल्या रेषेच्या रूपाने उमटते. जळगावच्या वर्कशॉपमध्ये लाल रंगाचा फवारा आणि त्यावर पांढरा डेव्हलपर मारून तीच तपासणी पुन्हा करून घेतली, विशेषतः बोल्टांच्या माथ्याखालच्या बैठकीत आणि दांडा जिथे बिग एंडला मिळतो त्या वळणात. ही पद्धत पृष्ठभागावर उघडणारे तडेच दाखवते. पृष्ठभागाच्या किंचित खाली दडलेला दोष हवा असेल तर चुंबकीय तपासणी लागते. शर्यतीचे किंवा जास्त फेऱ्यांचे इंजिन असते तर मी त्यासाठी नाशिक किंवा पुण्यापर्यंत गेलो असतो. या संथ इंजिनासाठी रंगाची तपासणी मला पुरेशी वाटली.

त्यानंतर वाक आणि पीळ. दोन्ही भोकांत अचूक घासलेले गोल दांडे, म्हणजे मँड्रेल, बसवले, बिग एंडचा मँड्रेल सरफेस प्लेटवरच्या व्ही-ब्लॉकमध्ये टेकवला, रॉड उभा केला आणि वरच्या मँड्रेलच्या दोन टोकांची उंची डायलने तपासली. दोन्ही टोकांत फरक असला तर रॉड वाकलेला असतो. मग रॉड आडवा करून तीच मापे घेतली, त्यावरून पीळ कळतो. शंभर मिलिमीटर लांबीवर दोन शतांशांपेक्षा कमी फरक आला. वाकलेला रॉड पिस्टनला सिलिंडरच्या एका भिंतीवर तिरका रेटतो, म्हणून जुन्या पिस्टनच्या स्कर्टवरची घासणीही पाहावी. आमच्या पिस्टनवर ती दोन्ही अंगांनी सरळ आणि मधोमध होती.

बोल्टांबद्दल मी वाद घालत नाही, ते नवेच टाकतो. तरीही जुने बोल्ट मोजून पाहिले, आणि त्यांतला एक नव्यापेक्षा किंचित लांब भरला. नट बोटांनी फिरवत नेला तर तो आट्यांच्या एका भागात अडत होता. बोल्ट आवळताना स्प्रिंगसारखा ताणला जातो आणि सोडल्यावर मूळ लांबीला परत यायला हवा. जो परत आला नाही तो आपली ताकद गमावून बसला आहे.

इथपर्यंत आल्यावर साहजिक प्रश्न येतो की नवा रॉडच का टाकू नये. मी तो पर्याय गंभीरपणे तपासला. बाजारात या इंजिनाचे रॉड मिळतात, त्यातला एक दुकानदाराच्या परवानगीने वर्कशॉपमध्ये नेऊन, कॅप आवळून मोजला. त्याचे बिग एंड दोन शतांशांनी लंबगोल होते आणि स्मॉल एंडची, म्हणजे पिस्टनकडच्या लहान टोकाची, बुश बिग एंडला पुरेशी समांतर नव्हती. खोक्यातून निघालेला भाग मोजल्याशिवाय बरोबर धरता येत नाही, आणि मोजून दुरुस्तच करायचा असेल तर मूळचा, वर्षानुवर्षे ताण सोसूनही तडा न गेलेला रॉड मला अधिक भरवशाचा वाटला.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी रॉड कामाला नेला, तिथे बिग एंडचे काम पाहणारे वयस्क मिस्त्री आहेत. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी माझा मापांचा कागद वाचला, बाजूला ठेवला आणि स्वतः पहिल्यापासून मोजले. मला ते आवडले. काट्याकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "गोल नही शे, भाऊ." मग त्यांनी विचारले, "दोन्ही भोकांच्या मध्यांतलं अंतर लिहून ठेवलं का?" ते मी लिहिले होते. काम सुरू होण्याआधीचे हे माप किती मोलाचे असते, ते पुढे कळेल.

भोक पुन्हा गोल करण्याचे तत्त्व सोपे आहे. जिथे भोक मोठे झाले आहे तिथे धातू भरता येत नाही, म्हणून कॅप आणि रॉड यांची जोडाची तोंडे थोडी घासून दोघांना जवळ आणायचे, म्हणजे उभा व्यास कंपनीच्या मापापेक्षा लहान होतो, आणि मग ते लहान झालेले भोक होनिंग करून, म्हणजे बारीक दगडांनी आतून घासून, नेमक्या मापाला आणायचे. नानांनी सरफेस ग्राइंडरवर रॉडच्या तोंडावरून तीन शतांश आणि कॅपच्या तोंडावरून आठ शतांश काढले. रॉडकडून कमीत कमी काढावे, फक्त तोंड स्वच्छ आणि सपाट होईल एवढेच, आणि उरलेले कॅपकडून घ्यावे, हा त्यांचा नियम आहे. घासताना सर्वांत अवघड गोष्ट असते ती खोली साधण्याची नव्हे, काटकोन साधण्याची. घासलेले तोंड दांड्याच्या रेषेला काटकोनात आणि भोकाच्या अक्षाला समांतर नसेल तर कॅप आवळताना बोल्ट वाकतात, आणि वाकून ताणलेला बोल्ट फार काळ टिकत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष घासणीपेक्षा अँगल प्लेटवर रॉड बांधून डायल फिरवण्यातच जास्त वेळ गेला. कानसने तोंडे घासण्याच्या सल्ल्याबद्दल माझे मन का कडक आहे, ते या टप्प्यावर कोणालाही दिसले असते. हाताची कानस कडेला नेहमीच जास्त खाते आणि तोंड घुमटासारखे होते.

घासल्यानंतर कडांना उरलेले धारदार बर काढले, शेलच्या जिभेसाठीची खाच तपासली, कारण तोंड खाली गेल्यावर ती खाच तेवढीच आखूड होते आणि जीभ तिच्या तळाला टेकली तर शेल उचलली जाते. मग नवे बोल्ट पूर्ण जोराने आवळून रॉड होनिंग मशीनवर चढवला. होनिंग पाहताना मला फार समाधान वाटले, कारण आदल्या पहाटे आकड्यांत पाहिलेला आकार आता डोळ्यांना दिसत होता. पहिल्या काही फेऱ्यांत दगड फक्त वर आणि खाली टेकत होते, तिथे उजळ चंद्रकोरी उमटल्या आणि दोन्ही जोडांजवळचा भाग जुन्याच करड्या रंगाचा राहिला. जसजसे काम पुढे गेले तसतशा चंद्रकोरी रुंदावत एकमेकींच्या जवळ आल्या आणि शेवटी जोडाजवळचा करडा पट्टाही नाहीसा झाला. नाना थोड्याथोड्या वेळाने रॉड मशीनवरून उतरवून उलटा करून चढवत होते. एकाच बाजूने होन केले तर भोक निमुळते होते. शेवटच्या दोन शतांशांना त्यांनी हात आखडता घेतला, रॉड तेलात बुडवून थंड होऊ दिला आणि मगच मोजला. दगडाच्या घर्षणाने तापलेला रॉड मोठा दिसतो, आणि त्या मापावर थांबले तर थंड झाल्यावर भोक लहान निघते. अंतिम मापात सर्व दिशांचा फरक पाच मायक्रॉनच्या आत होता.

आता लांबीचा प्रश्न. तोंडांवरून एकूण अकरा शतांश गेले, म्हणजे भोकाचा तळ तेवढा वर आला, माथा जागच्या जागी राहिला आणि मध्य साडेपाच शतांशांनी स्मॉल एंडकडे सरकला. रॉड तेवढा आखूड झाला. पेट्रोल इंजिनात याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. डिझेलमध्ये मात्र पिस्टन वर आल्यावर हेडपर्यंत उरणारी फट मुळातच लहान असते आणि इंधन पेटते ते फक्त दाबाच्या उष्णतेने. दाबाचे गुणोत्तर १८ धरले तर ३२५ सीसीच्या या इंजिनात वर उरणारी जागा सुमारे १९ सीसी येते. ७८ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर साडेपाच शतांशांची जादा फट म्हणजे पाव सीसीपेक्षा थोडी अधिक जागा, आणि गुणोत्तर १७.८ च्या आसपास उतरते. एवढ्याने इंजिन बंद पडत नाही, तरी डिसेंबरच्या थंडीत सकाळी किक मारणाऱ्याला प्रत्येक दशांश हवासा वाटतो.

नानांनी ही उणीव दुसऱ्या टोकाला भरून काढली. स्मॉल एंडची जुनी कांस्याची बुश तशीही बदलायचीच होती. नवी बुश दाबून बसवली, तेलाचे छिद्र रॉडच्या छिद्राशी जुळवून पाडले, आणि आतले भोक बोअर करताना त्याचा मध्य बुशच्या मध्यावर न धरता मी लिहून आणलेल्या मूळ अंतरावर धरला. बुशची भिंत जाड असल्याने पाच शतांशांचा तिरपागडेपणा तिला सहज सोसतो. बिग एंड आधी पूर्ण करायचे आणि त्यालाच आधार धरून स्मॉल एंड बोअर करायचे, हा क्रम त्यासाठीच महत्त्वाचा आहे. यात अंतरही परत मिळते आणि दोन्ही अक्षांची समांतरताही एकाच बांधणीत साधते. पिन तेल लावून अंगठ्याने ढकलली की सरकावी, पण स्वतःच्या वजनाने खाली घसरू नये, एवढी बसणी ठेवली.

क्रँकची पिन तीन शतांशांनी लंबगोल झाली होती, ती ०.२५ मिलिमीटर कमी मापाला ग्राइंड करून घेतली. मिस्त्री लोक याला दहाची साइज म्हणतात. पिनच्या दोन्ही कडांचे गोलसर वळण ग्राइंडरने चौकोनी केले नाही ना, एवढे मी नीट पाहिले, कारण क्रँक तुटतो तो त्याच कोपऱ्यातून. तेलाच्या वाटांमधली ग्राइंडिंगची पूड तारेने आणि हवेच्या झोताने काढली.

मग त्या मापाच्या शेल बसवून पकड तपासली. दोन्ही बोल्ट पूर्ण आवळले, नंतर एक पूर्ण सैल केला. शेलमध्ये पकड असेल तर सैल बाजूला कॅप किंचित उचलते आणि जोडात फट दिसते. फिलर गेजच्या पातळ पात्यांनी ती आठ शतांश भरली. दुरुस्तीआधी कुतूहलापोटी हाच प्रयोग जुन्या शेलवर केला होता, तेव्हा सर्वांत पातळ पातेही आत शिरले नव्हते. पिन आणि शेल यांच्यातली तेलाची फट प्लास्टिगेजच्या मेणासारख्या धाग्याने मोजली. धागा पिनवर ठेवून कॅप आवळायची, क्रँक अजिबात न हलवता परत सोडायची आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर वाचायची. पिनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट असावी असा जुना ठोकताळा आहे, आणि आमचे माप त्याच्या अगदी जवळ, चार शतांशांच्या आसपास आले. धाग्याची रुंदी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखी होती, म्हणजे निमुळतेपणाही उरला नव्हता.

इंजिन बांधताना सिलिंडरखालच्या पातळ पत्र्यांची जाडी ठरवण्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर, पिनच्या रेषेत दोन बाजूंना, सोल्डरच्या तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवले, हेड आवळले, क्रँक हाताने एकदा वरच्या टोकापलीकडे फिरवला आणि दबलेली तार मायक्रोमीटरने मोजली. फट पुस्तकातल्या मर्यादेत, आणि उघडण्याआधी होती तेवढ्याच पत्र्यांवर आली. म्हणजे स्मॉल एंडला परत मिळवलेली लांबी कागदापुरती नव्हती.

पहिल्यांदा चालू करण्याआधी इंधन बंद ठेवून आणि सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून इंजिन बराच वेळ नुसते फिरवले, तेल शेलपर्यंत पोहोचू दिले आणि मगच इंधन उघडले. जड ठोका गेला होता, उरला तो डिझेलचा नेहमीचा कोरडा आवाज. पहिले काही दिवस गाडी मळा ते गाव एवढीच, रिकामी आणि वेग बदलत चालवली. त्यानंतरचे तेल पांढऱ्या फडक्यातून गाळले तेव्हा रिंगांच्या घासणीची करडी झाक दिसली, तांब्याचा कण एकही नव्हता. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट पुन्हा आवळण्यासाठी इंजिन उघडण्याचा आग्रह एका शेजाऱ्याने धरला, तो मी मानला नाही. एकदा नेमक्या ताणाला आवळलेला बोल्ट पुन्हा छेडला की तो ताण कितपत राहिला याची खात्री उरत नाही. केळीची काढणी संपली की सिलिंडर न उतरवता तेल एकदा परत गाळून पाहायचे, आणि त्यात तांबूस काही दिसले तरच खाली हात घालायचा, असे मी ठरवले आहे.